चांगल्या जगातले पाप

घाटातल्या कठड्यावर किंवा रेल्वे फाटकाजवळच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात रंगवलेले बायबलचे वचन बहुतेकांनी जाता-येता वाचलेले असते. त्यात ‘पाप’ हा शब्द हमखास सापडतो. त्यामुळे ख्रिस्ती धर्म म्हणजे माणसाला आधी पापी ठरवणारा आणि मग त्यावरचा उतारा सांगणारा धर्म, असा एक ग्रह होऊन बसतो. ग्रह अगदीच निराधार नाही, पण त्यात गोष्टीचा आरंभ गळलेला आहे. बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतले तर पाप लगेच भेटत नाही. ते तिसऱ्या अध्यायात येते. आधीच्या दोन अध्यायांत नुसते जग आहे आणि ते चांगले आहे. पाप आणि क्षमा यांबद्दल ख्रिस्ती लोक पुढे जे काही मानतात त्याचा पाया या दोन अध्यायांत घातलेला आहे.

‘उत्पत्ती’ हे बायबलमधले पहिले पुस्तक. त्याच्या पहिल्या अध्यायात देव सहा दिवसांत जग घडवतो. तो बोलतो आणि ते होते. उजेड, आकाश, जमीन, झाडे, सूर्य-चंद्र, मासे-पाखरे, जनावरे आणि शेवटी माणूस. जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर तो थांबून पाहतो आणि चांगले झाल्याचा निर्वाळा देतो. असा निर्वाळा अध्यायात सात वेळा येतो, आणि सातव्या वेळी नुसता चांगला नव्हे, तर फार चांगला. ज्यू पंडित हा मजकूर अक्षर न् अक्षर तपासून वाचत. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाणी दुभागून आकाश उभे केले त्या दिवशी, निर्वाळा नाही आणि तिसऱ्या दिवशी तो दोनदा आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. पाण्याचे काम दुसऱ्या दिवशी अर्धवट राहिले आणि तिसऱ्या दिवशी पुरे झाले, असा त्यांनी त्याचा उलगडा केला. आठवड्याचा हा तिसरा दिवस म्हणजे मंगळवार, आणि दोनदा चांगला म्हणवलेला म्हणून ज्यूंमध्ये तो लग्नकार्याला शुभ मानतात. आपल्याकडे पत्रिकेतल्या मंगळाने हवालदिल होणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

या चांगुलपणाचे महत्त्व कळायला शेजारच्या गोष्टी ऐकाव्या लागतात. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बॅबिलोनच्या राजाने जेरुसलेम जिंकले, तिथले मंदिर पाडले आणि तिथल्या लोकांना धरून आपल्या मुलखात नेले. ज्यू धर्मग्रंथांचा बराच भाग या वनवासाच्या आसपास आजच्या रूपाला आला, असे अभ्यासक मानतात. बॅबिलोनकडे विश्वोत्पत्तीची स्वतःची कथा होती. ‘एनुमा एलिश’ नावाचे ते महाकाव्य निनवेच्या उत्खननात मातीच्या पाट्यांवर सापडले आणि जॉर्ज स्मिथ या इंग्रज अभ्यासकाने १८७६ मध्ये ते छापून लोकांसमोर आणले. त्यात मार्दुक हा देव तियामात या आदिदेवीला युद्धात मारतो, तिचे कलेवर उभे चिरतो आणि एका भागाचे आकाश करतो. देवांना कष्टाची कामे करायला गडी हवेत, म्हणून एका बंडखोर देवाच्या रक्तातून माणूस घडवला जातो. म्हणजे जगाचा जन्म खुनातून आणि माणसाचा जन्म वेठबिगारीसाठी.

उत्पत्तीच्या पानावर यातले काहीच नाही. लढाई नाही, प्रेत नाही. बॅबिलोनी लोक ज्यांना देव म्हणून भजत ते सूर्य-चंद्र इथे चौथ्या दिवशी, झाडाझुडपांच्या नंतर येतात आणि त्यांना साधे नावही दिलेले नाही. एक मोठा दिवा, एक लहान दिवा, बस्स. पराभूत लोकांनी विजेत्यांच्या देवांची अशी बोळवण करावी यात मला तरी एक शांत खोडकरपणा दिसतो. आणि माणूस? तो देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडवलेला आहे, पुरुष आणि स्त्री दोघेही. त्या काळी देवाची प्रतिमा म्हणवून घेण्याचा मान राजांचा असे. इथे तो सरसकट सगळ्यांना वाटून टाकला आहे.

दुसऱ्या अध्यायात तीच गोष्ट वेगळ्या हाताने सांगितलेली आहे. तिथला देव शब्दांऐवजी हातांनी काम करतो. तो मातीचा माणूस करतो, नाकपुड्यांत श्वास फुंकतो, बाग लावतो. दोन्ही कथांत घटनांचा क्रमही जुळत नाही, आणि हे आजच्या चिकित्सकांनीच शोधून काढले असे नव्हे. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीवर मोठे भाष्य लिहिले. सूर्य चौथ्या दिवशी झाला तर पहिल्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशी मोजायची, हा प्रश्न त्याला पडला होता. देवाने सारे एका क्षणात निर्माण केले आणि सहा दिवस ही आपल्याला समजावे म्हणून केलेली मांडणी आहे, असे त्याने सुचवले. काळसुद्धा जगाबरोबरच निर्माण झाला, तेव्हा ‘जगाआधी देव काय करत होता’ हा प्रश्नच लागू होत नाही, असेही तो म्हणतो.

तरी वर्षे मोजणाऱ्यांनी मोजलीच. आयर्लंडचा आर्चबिशप जेम्स अशर याने १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळ्यांची बेरीज करून जगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये ठरवला. पुढे इंग्रजी बायबलच्या समासात हा आकडा छापला जाऊ लागला आणि कित्येकांना तो मूळ ग्रंथातलाच वाटला. अमेरिकेतले काही प्रोटेस्टंट पंथ आजही सहा दिवस म्हणजे सहाच दिवस, असे धरून चालतात. कॅथलिक चर्चने १९५० मध्ये पोप पायस बारावे यांच्या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देवाकडून, ही अट ठेवली. विश्व एका अतिघन ‘आद्य अणू’तून प्रसरण पावले, ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारा बेल्जियन शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र हा स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. पण आपल्या सिद्धांताचा उत्पत्तीशी मेळ घालू नये, असेच तो सांगत आला. विज्ञानाचे विज्ञानापाशी, असा त्याचा खाक्या होता. या वादात मी फार वेळ काढणार नाही, कारण सृष्टीवरच्या ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा तारखेत नाहीच. जग कुणाच्या तरी इच्छेने, प्रेमाने झाले आणि ते मुळात चांगले आहे, हा तो गाभा आहे.

मराठीत ही गोष्ट ऐटीत सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांसाठी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. त्यांपैकी ‘पहिले पुराण’ सृष्टीपासून सुरू होते आणि ख्रिस्त जन्मायला श्रोत्यांना दुसऱ्या पुराणापर्यंत वाट पाहावी लागते. ज्या साष्टीत पोर्तुगिजांनी देवळे पाडली होती तिथलेच हे श्रोते. त्यांना जुन्या पुराणांची सवय होती आणि त्या पोथ्या आता घरात ठेवायची सोय नव्हती. स्टीफन्सनी त्यांच्या कानाला ओळखीचा छंद दिला आणि सुरुवात सृष्टीपासूनच केली.

आता अडचण अशी की जग चांगले आणि ते करणाराही चांगला, तर वाईट आले कुठून? ऑगस्टीनला या प्रश्नाने तारुण्यभर छळले. आजच्या अल्जीरियातल्या थागास्ते गावी ३५४ मध्ये तो जन्मला. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती. मुलगा मात्र नऊ वर्षे मानी पंथाच्या नादी लागला होता. मानी पंथाचे उत्तर सोपे होते: जगात प्रकाश आणि अंधार अशा दोन सत्ता आहेत, वाईट अंधाराकडून येते. पुढे ऑगस्टीनने हे उत्तर टाकून दिले आणि जे मांडले ते ख्रिस्ती विचारात पक्के बसले. वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही. चांगल्यात पडलेली खोट म्हणजे वाईट. आंधळेपण ही डोळ्यात घातलेली वेगळी वस्तू नसते, तिथे दृष्टी नसते, एवढेच.

मग ही खोट पडते कशी, हे पाहायला त्याने स्वतःच्याच एका चोरीची फेरतपासणी केली. सोळा वर्षांचा असताना मित्रांच्या टोळक्याबरोबर रात्री त्याने शेजारच्या मळ्यातले नाशपातीचे झाड झोडपले होते. फळे दिसायला धड नव्हती, चवीलाही नव्हती. घरी याहून चांगली होती. एखाददुसरे चाखून बाकीची त्यांनी डुकरांपुढे टाकली. ‘कबुलीजबाब’ या आत्मचरित्रात चाळिशी ओलांडलेला बिशप या पोरकटपणावर पानेच्या पाने खर्च करतो. वाचणाऱ्याला वाटते, पुढे बाईच्या भानगडी आहेत, पोटच्या मुलाच्या आईला सोडून दिल्याची गोष्ट आहे, आणि हा नाशपातीवरच अडला आहे. पण अडला ते मुद्दाम. भूक नव्हती, गरज नव्हती, वैर नव्हते. करू नये ते करण्याची मजा होती, आणि एकट्याने केले नसते ते चौघांत केले. कारण नसलेले वाईटच त्याला सगळ्यांत भेसूर वाटले.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातले फळही असेच, गरजेचे नसलेले. बागेतल्या सगळ्या झाडांची मोकळीक होती, मनाई एकाच झाडाची. (ते सफरचंद होते असे मूळ कथेत कुठेही नाही. ती पुढच्या चित्रकारांची कृपा. कथेतला सापही तिथे सापच आहे; तो सैतान होता, हे वाचन नंतरचे.) साप फळाची लालूच दाखवत नाही, तो संशय पेरतो. देवाने तुमच्यापासून काहीतरी चांगले दडवून ठेवले आहे, असे सुचवतो. हव्वा खाते, आदामाला देते, तोही निमूटपणे खातो. आणि मग जे घडते ते फळ खाण्यापेक्षा जास्त बोलके आहे. दोघांना नागडेपणाची लाज वाटते, अंजिराची पाने शिवून ते अंग झाकतात आणि संध्याकाळी देवाची चाहूल लागताच झाडांआड लपतात. देव हाक मारतो, कुठे आहेस म्हणून विचारतो. आदाम सांगतो की बाईने दिले, आणि तीही तूच दिलेली बाई. एका वाक्यात बायकोवर आणि देवावर दोघांवरही खापर फोडून तो मोकळा होतो. बाई सापाकडे बोट दाखवते. सापाला बोट दाखवायला कुणी उरत नाही.

ख्रिस्ती दृष्टीने पाप म्हणजे काय, हे या दृश्यात आहे. नियम मोडला, हा त्याचा वरवरचा भाग. खरे मोडले ते नाते: माणसाचे देवाशी, नवऱ्याचे बायकोशी, शेतकऱ्याचे जमिनीशीही, कारण पुढे ती काटेकुसळे उगवू लागते. पुढच्याच अध्यायात काइन आपल्या भावाला, हाबेलला, शेतात नेऊन मारतो. तरी या कठोर प्रकरणात एक ओळ अशी आहे की ती वाचताना पुष्कळजण पुढे सरकतात. बागेतून हाकलण्यापूर्वी देव त्या दोघांना कातड्याचे कपडे करून घालतो. शिक्षा सुनावणाराच शिंप्याचेही काम करतो.

येशूने पापाची जागा आणखी आत नेली. खून करू नये हे आधीपासून होतेच. त्याने मनातल्या रागालाही त्याच रांगेत बसवले. नंतर चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांनी मनात उठणाऱ्या वाईट विचारांची यादी केली. त्यांतल्या इव्हाग्रियसच्या यादीत ते आठ होते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी फेरफार करून सात केले, आणि अहंकार, मत्सर, क्रोध, आळस, लोभ, खादाडपणा, वासना ही आजची ओळखीची यादी त्यातून आली. मला त्यांतला आळस विशेष वाटतो. मूळ तपस्व्यांना सकाळी उशिरा उठणे अभिप्रेत नव्हते. भर दुपारी कोठडीत बसलेल्याला सूर्य हलेनासा वाटतो, काम नकोसे होते, कुणाचे काही देणेघेणे उरत नाही, ती अवस्था त्यांनी पाप म्हणून नोंदवली. न केलेल्या गोष्टीही हिशेबात येतात. कॅथलिक मिस्साच्या सुरुवातीला सगळी मंडळी आपापल्या छातीवर मूठ आपटून जी कबुली देतात तीत विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला कर्तव्यातली चूक स्वतंत्रपणे सांगितलेली आहे.

आणि आता तो सगळ्यांत खटकणारा भाग. आदामाच्या चुकीचा मला का भुर्दंड? ‘मूळ पाप’ या कल्पनेवर ख्रिस्ती जगातच एकमत नाही. पाचव्या शतकात ब्रिटनहून आलेला पेलागियस नावाचा साधक म्हणत होता की प्रत्येक माणूस कोऱ्या पाटीने जन्मतो आणि मनात आणले तर निष्पाप राहू शकतो. ऑगस्टीनने कडाडून विरोध केला आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते फेटाळली. पण पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ऑगस्टीनचेही सगळे उचलले नाही. वारशात मृत्यू येतो, दुबळेपण येते, अपराध मात्र ज्याचा त्याचा, असे ते मानतात. शेतकऱ्याच्या घरात हा भेद चटकन कळेल. आजोबांनी काढलेल्या कर्जाचा बोजा सातबारावर चढलेला असतो. नातू जमिनीबरोबर तो बोजा घेऊनच मालक होतो. पण म्हणून कर्ज बुडवल्याचा गुन्हा नातवाने केला असे कुणी म्हणत नाही. पूर्वेची भूमिका साधारण अशी. ऑगस्टीनची त्याहून कडक होती. बाप्तिस्मा न होता दगावलेल्या तान्ह्या बाळालाही त्याने सौम्य का होईना, शिक्षेतच ढकलले. या एका मुद्द्याने शेकडो वर्षे आयाबापांच्या काळजाला घरे पाडली. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम आधार आहे, असे सांगितले. उशीर झाला, एवढेच म्हणता येईल.

आपल्या वाचकाला इथे कर्मविपाक आठवणार. ज्याचे त्याने भोगावे, या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी. हिशेब चुकत नाही. ख्रिस्ती विचारात पुढचा जन्म नाही आणि फेडून संपेल असा हिशेबही नाही. पतितपावन म्हणून विठ्ठलाला हाक मारणारा वारकरी ख्रिस्ती माणसाच्या कर्मवाद्याहून कितीतरी जवळ आहे, कारण दोघांचीही भिस्त स्वतःच्या पुण्याईवर नाही.

येशूने हिशेबाचीच एक गोष्ट सांगितली आहे. पेत्र या शिष्याने विचारले, भावाने अपराध केला तर किती वेळा माफ करू, सात वेळा? पेत्राला सात हा आकडा उदार वाटला असणार. येशूने तो अनेक पटींनी वाढवून मोजदादच निकालात काढली आणि राजाची गोष्ट सांगितली. एका चाकराकडे राजाचे दहा हजार तलांत येणे असते. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. म्हणजे कर्ज ६ कोटी रोजांचे. वर्षाला ३०० दिवस राबला आणि पोटाला एक पैसा घातला नाही तर फेडायला २ लाख वर्षे. त्या काळी गालील आणि पेरिया या दोन प्रांतांतून तिथला राज्यकर्ता हेरोद अंतिपा याला वर्षाला २०० तलांत महसूल मिळे, असे योसेफस हा इतिहासकार सांगतो. म्हणजे दोन्ही प्रांतांचा ५० वर्षांचा महसूल या एका माणसाच्या डोक्यावर. ऐकणारे गालीलचेच कोळी आणि कुणबी होते. ते हसले असतील. चाकर पाया पडून म्हणतो, थोडी मुदत द्या, सगळे फेडतो. त्याला अजूनही वाटते की हे फिटेल. राजा मुदत देत नाही, कर्जच सोडतो. बाहेर पडताच या चाकराला त्याचे १०० दिनार देणे असलेला सोबती भेटतो, आणि तो त्याचे नरडे धरतो. हे कळल्यावर राजा आपली माफी मागे घेतो. प्रभूच्या प्रार्थनेत देवाकडून माफी मागताना आम्हीही इतरांना माफ करतो असे जे म्हणावे लागते, त्याच्यामागे हा चाकर उभा आहे.

गोष्टीत एक जमाखर्चाची गोम आहे. राजाने कर्ज सोडले तेव्हा ते दहा हजार तलांत हवेत विरले नाहीत. ते राजाचे गेले. माफ करणारा नुकसान स्वतःच्या अंगावर घेतो, हेच ख्रिस्ती क्षमेचे मर्म आहे असे मला वाटते, आणि क्रूसाचा अर्थ लावणारे सगळे सिद्धांत याच खुंटीभोवती फिरतात. पहिल्या शतकांतले लेखक म्हणत, ख्रिस्ताने मरून सैतानाच्या तावडीतून माणसाला सोडवले. कँटरबरीच्या अँसेल्मने १०९८ च्या सुमारास लिहिले की अपराध देवाच्या प्रतिष्ठेचा, म्हणून भरपाई माणसाने द्यायला हवी पण देऊ शकेल फक्त देव. म्हणून देव माणूस झाला. पॅरिसच्या अबेलारला हा सरंजामी हिशेब मानवला नाही. क्रूसावरचे प्रेम पाहून माणसाचे मन पालटते, यावर त्याचा भर होता. कुठल्याही सार्वत्रिक धर्मसभेने यांतला एकच सिद्धांत अधिकृत ठरवला नाही, आणि साध्या भाविकाला त्यांची नावेही ठाऊक नसतात.

त्याला ठाऊक असते ती उधळ्या पुत्राची गोष्ट. बाप जिवंत असताना धाकटा वाटणी मागतो, हे मराठी घरात कसे ऐकले जाईल ते सांगायला नको. सगळे उडवून तो परदेशी डुकरे राखायला लागतो. ज्यू मुलाने डुकरे राखणे म्हणजे घसरणीचा तळच. तिथे बसून तो घरी जाऊन काय म्हणायचे ते पाठ करतो: मी चुकलो, मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला गड्यांत ठेवा. पण बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत सुटतो. मुलगा पाठ केलेले बोलू लागतो आणि गड्यांत ठेवा हे शेवटचे कलम तोंडातून निघायच्या आत बाप झगा, अंगठी, जोडे आणायला माणसे पिटाळतो. कष्ट करून फेडण्याचा प्रस्ताव ऐकूनच घेतला जात नाही. शेतावरून आलेला थोरला दारातच रुसून बसतो. वर्षानुवर्षे राबलो, मला कधी करडूही मिळाले नाही. त्याची बाजू चुकीची आहे असे येशू कुठेही म्हणत नाही.

हा थोरला भाऊ पुढे चर्चच्या इतिहासात वारंवार उभा राहिला. २५० मध्ये सम्राट डेसियसने फर्मान काढले की साऱ्यांनी देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. नाव, गाव, साक्षीदार, सगळे रीतसर. कित्येक ख्रिस्ती लोकांनी भीतीने बळी दिला, काहींनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला. छळ थांबल्यावर हे लोक परत दाराशी आले. ज्यांनी तुरुंग भोगला होता त्यांना काय वाटले असेल? रोममधला नोव्हेशियन म्हणाला, यांना घ्यायचे नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि बहुसंख्य चर्च म्हणाले, घ्यायचे, पण प्रायश्चित्तानंतर. त्या काळचे प्रायश्चित्त जाहीर आणि लांबलचक असे, बहुधा आयुष्यात एकदाच मिळणारे. सहाव्या शतकात आयरिश मठवासीयांनी खासगी कबुलीची पद्धत रुळवली. कुठल्या पापाला किती दिवस भाकरी-पाणी, याची त्यांनी कोष्टकेच केली. १२१५ मध्ये लॅटरनच्या चौथ्या धर्मसभेने वर्षातून एकदा तरी कबुली सक्तीची केली.

आज वसईत किंवा गोव्यात ईस्टरच्या आधी चर्चमध्ये पापनिवेदनाची रांग लागते तिचे मूळ हे. माणूस जाळीशी गुडघे टेकतो, मागची कबुली कधी दिली ते सांगतो, मग पापे. फादर चार शब्द सांगतात, प्रायश्चित्त नेमून देतात, बहुतेकदा काही प्रार्थना, आणि देवाच्या नावाने पापमुक्तीचे शब्द उच्चारतात. ऐकलेले त्यांनी कुणालाही सांगायचे नाही, पोलिसांनाही नाही. सांगितले तर ते आपोआप धर्मबहिष्कृत होतात. मात्र नुसते सांगून भागत नाही. चोरले असेल तर परत करावे लागते. लाचखोर जकातदार जक्कय येशूला घरी घेऊन गेला तेव्हा त्याने लुबाडलेल्यांना चौपट परत करायचे कबूल केले, तो दाखला इथे कायम दिला जातो.

या व्यवस्थेला कीडही लागली. रोमचे सेंट पीटर्स नव्याने बांधायला आणि एका आर्चबिशपचे सावकाराचे कर्ज फेडायला पैसा हवा होता. योहान टेट्झेल जर्मनीत क्षमापत्रे विकत फिरला. पापाची क्षमा आणि पापाच्या शिक्षेतली सूट यांतला शास्त्रीय भेद बाजारात कोण पाहतो? ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन लूथरने आपले ९५ मुद्दे मांडले. क्षमा फुकट आहे, ती श्रद्धेने घ्यायची, हा त्याचा आग्रह. म्हणून मराठी प्रोटेस्टंट उपासनेत जाळी नसते. पाळकांबरोबर सारी मंडळी एकत्र पाप कबूल करते. नीतिमान ठरणे कृपेने होते की कृत्यांनी, यावरचा मुख्य वाद कॅथलिक आणि लूथरन चर्चनी १९९९ मध्ये संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या करून बराचसा मिटवला.

फुकट मिळणारी क्षमा स्वस्तही होऊ शकते. दिएत्रिश बोनहॉफरने १९३७ मध्ये, हिटलरच्या जर्मनीत, चर्चला याच शब्दांत फटकारले होते. पश्चात्तापाशिवाय वाटलेली क्षमा त्याला खोटी वाटत होती. अलीकडे लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना क्षमेच्या नावाखाली गुपचूप एका गावातून दुसऱ्या गावी बदलले गेले, आणि पीडितांना माफ करायला सांगितले गेले, तेव्हा गोष्टीतला राजा आणि चाकर यांची अदलाबदल झाली होती. ज्याचे नुकसान झाले तोच सोडू शकतो; तिसऱ्याने त्याच्या वतीने उदार होण्यात अर्थ नाही.

नुकसान झालेल्यांनी ते सोडल्याची दोन उदाहरणे आपल्याच देशात आहेत आणि दोन्हींचा शेवट सारखा नाही. केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात भूमिहीनांना सावकारांच्या कचाट्यातून सोडवायचे काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसने प्रवास करताना एका सुपारी घेतलेल्या तरुणाने त्यांना भोसकले. अंगावर पन्नासहून अधिक वार होते. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्या मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली, तो २००६ मध्ये सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना संतपदाच्या आधीची पायरी देण्यात आली, त्या सोहळ्याला तो हजर होता.

ओडिशात कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा आणि सहा वर्षांची दोन मुले जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि बारिपदाचे काम आणखी काही वर्षे चालू ठेवले. खटला मात्र चालू राहिला. २००३ मध्ये मुख्य आरोपीला फाशी सुनावली गेली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. क्षमा आणि खटला यांत ग्लॅडिसना विसंगती दिसली नाही. त्यांनी सोडले ते स्वतःचे येणे होते; कायद्याचे येणे सोडण्याचा अधिकार त्यांचा नव्हता.